जबडादुखीची सुई : कर्ज मागण्याआधी, कर्ज देण्याआधी

कामं आवरली असतील तर वही-पेन घेऊन बसा. आवरली नसतील तर हात चालू द्या, कान इकडे ठेवा. आज आम्ही गटांच्या सहयोगिनी एका सुईबद्दल बोलणार आहोत. दुखरा जबडा आणि दुखरं डोकं यांवर तालुक्याच्या गावात आता एक इंजेक्शन मिळतं. स्नायू ढिला करणारं इंजेक्शन. लोक त्याला 'बोटॉक्स' म्हणतात. ते एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे. औषधाचं खरं नाव बोटुलिनम टॉक्सिन.

हा विषय आमच्याकडे आला तो कर्जाच्या अर्जातून. आमच्या एका गटात अकरा जणी आहेत. त्यातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, २०,००० रुपये. कारण लिहिलं होतं, 'डोकेदुखीचं इंजेक्शन'. दोन वर्षांपासून त्यांची कानशिलं ठणकायची, कानापुढचा सांधा दुखायचा, सकाळी उठल्या उठल्या जबडा आखडलेला असायचा. जवळपास रोज एक गोळी पोटात जायची. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं, की सुई घ्या, दुखणं संपेल.

बैठकीत एकदम गलका झाला. एक जण म्हणाली, "अगं, ते नट्यांच्या सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन!" एक म्हातारी मावशी म्हणाली, "आम्ही सुंठ उगाळून कपाळाला लावायचो आणि कामाला लागायचो." तिसरी म्हणाली, "डोकं कुणाचं दुखत नाही?" त्या ताई खाली मान घालून बसल्या होत्या. तेव्हा अध्यक्षा म्हणाल्या, "गोठ्यातला बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो आपण. हिचं डोकं दोन वर्षं दुखतंय." त्यावर सगळ्या गप्प झाल्या.

अध्यक्षांचं म्हणणं बरोबरच होतं. पण २०,००० चा प्रश्नही खराच होता. गटाची बचत महिन्याला माणशी २०० रुपये. अकरा जणींचे २,२००, वर्षाचे २६,४००. म्हणजे एकाच सुईत वर्षाच्या बचतीतला मोठा वाटा जाणार. म्हणून त्या दिवशी हो किंवा नाही असं काहीच न ठरवता आधी माहिती काढायचं ठरलं. ती माहिती आम्ही डॉक्टरांना विचारून, वाचून जमवली. तीच आज सांगतो.

आधी हे औषध म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याला धनुर्वात माहीत आहे. गरोदरपणात त्याची लस आपण घेतोच. धनुर्वातात दातखिळी बसते, कारण त्या जंतूचं विष स्नायूंना आखडून ठेवतं. त्याच जंतूच्या कुळातला दुसरा एक जंतू आहे. त्याचं विष अगदी उलट काम करतं, ते स्नायू लुळे पाडतं. नीट न टिकवलेल्या, हवाबंद डब्यातल्या अन्नात हा जंतू वाढला आणि ते अन्न पोटात गेलं, तर पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वासही बंद पडू शकतो. जर्मनीत १८२० च्या सुमारास खराब झालेल्या मांसाने माणसं दगावायची. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला. हे विष अगदी थोडं वापरलं तर औषध होऊ शकेल, असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं. ते खरं व्हायला दीडशे वर्षं लागली. अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी ते वापरून पाहिलं. १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकड्यांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. चेहऱ्याच्या सुरकुत्यांची मान्यता त्यानंतरची. तेव्हा हे फक्त नट्यांचं औषध आहे, हा समज काढून टाकूया.

ते काम कसं करतं? मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत जातो आणि स्नायू आवळतो. पाटाचं पाणी वाफ्याच्या तोंडाशीच अडवलं, तर वाफा कोरडा राहतो. तसं हे औषध निरोप स्नायूच्या दारात अडवतं. स्नायू ढिला पडतो. दुखण्याचा निरोप वाहून नेणारी काही रसायनंही ते रोखतं. पण शरीर स्वस्थ बसत नाही. ते नसेची टोकं पुन्हा कामाला लावतं आणि साधारण तीन महिन्यांत निरोप परत सुरू होतो. म्हणजे सुईचा गुण येतो काही दिवसांत, पूर्ण दिसायला दोनेक आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो.

हे वहीत लिहून घ्या. गुण आला तरी सुई एकदाची नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायची, म्हणजे वर्षाला चार वेळा. २०,००० गुणिले चार, ८०,००० रुपये. आमच्या त्या गटाच्या तीन वर्षांच्या बचतीपेक्षा जास्त. शिवाय २०,००० च्या कर्जाला दोन टक्क्यांनी महिन्याला ४०० रुपये नुसतं व्याज. "दुखणं संपेल" असं सांगणाऱ्याने हा गुणाकार सांगितलेला नव्हता.

आता महत्त्वाचं. ही सुई कुणाला उपयोगी पडते?

डोकेदुखीच्या एका प्रकारात तिचा उपयोग नीट तपासला गेला आहे. तो प्रकार म्हणजे जुनाट अर्धशिशी. महिन्याचे १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणं, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालणं, आणि त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीचे असणं. अर्धशिशी म्हणजे ठोके पडल्यासारखं दुखणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं. अशा रुग्णांसाठी २०१० साली अमेरिकेत या सुईला मान्यता मिळाली. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा ३१ ठिकाणी बारीक सुईने मिळून १५५ युनिट औषध देतात, दर १२ आठवड्यांनी.

गुण किती? दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून १,३८४ रुग्णांवर. ज्यांना खरं औषध दिलं, त्यांचे दुखण्याचे दिवस महिन्याला सरासरी ८.४ ने कमी झाले. ज्यांना नुसत्या मीठपाण्याच्या सुया दिल्या, त्यांचेही ६.६ ने कमी झाले. याचा अर्थ नीट लावा. औषध खोटं नाही, मीठपाण्यापेक्षा ते सरस ठरलं. काहींना तर खूपच फरक पडतो. पण उपचार मिळतोय या भरवशानेही दुखणं बरंच उतरतं. म्हणून 'शेजारणीला गुण आला' एवढ्यावर कर्ज काढू नका.

महिन्यातून चार-सहा दिवस डोकं दुखत असेल, तर ही सुई त्यासाठी नाही. डोक्याला पट्टा आवळल्यासारखं वाटणाऱ्या साध्या ताणाच्या डोकेदुखीतही तिचा फायदा सिद्ध झालेला नाही.

आणि जबडा? गालात एक जाड स्नायू असतो. दात घट्ट मिटून गालावर बोट ठेवा, टणक गोळा लागतो, तोच. कानशिलावर दुसरा आहे. झोपेत दात खाण्याची सवय असेल, किंवा दिवसभर दात आवळलेले असतील, तर हे स्नायू थकतात आणि दुखतात. कानशिलाचा स्नायू दुखला की आपण म्हणतो डोकं दुखलं. काही डॉक्टर या स्नायूंत ही सुई देतात. पण जबडादुखीसाठी तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही. डॉक्टर आपल्या अनुभवावर देतात. काही अभ्यासांत गुण दिसला, काहींत दिसला नाही. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जबड्याच्या जुनाट दुखण्यावर सल्ला दिला. त्यात पुढे ठेवलं ते जबड्याच्या आणि मानेच्या व्यायामाला, हाताने स्नायू मोकळे करण्याला, आणि ताण कसा हाताळायचा ते शिकण्याला. या सुईची शिफारस त्यांनी केली नाही.

जबड्यातल्या सुईचे तोटेही ऐका. चावण्याची ताकद कमी होते, ज्वारीची भाकरी चावताना जबडा थकतो. औषध बाजूला पसरलं तर हसणं वाकडं दिसू शकतं. पुन्हा पुन्हा घेतलं तर गालाचा स्नायू बारीक होतो. जबड्याचं हाडही पातळ होत असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. डोक्याच्या सुयांनी मान दुखू शकते किंवा पापणी काही आठवडे खाली येऊ शकते. सुईनंतर कधीही, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर एक मिनिटही थांबू नका. १०८ ला फोन करा.

गरोदर असाल, मूल अंगावर पीत असेल, स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार असेल, रक्त पातळ होण्याची गोळी किंवा कुठलं प्रतिजैविक चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. सुई मेंदूविकार तज्ज्ञाकडून किंवा तोंड-जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडून घ्यावी, पार्लरमध्ये कदापि नाही. हे औषध आशाताईंच्या लसीच्या डब्यातल्या लसीसारखं थंड ठेवावं लागतं. म्हणून बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. नाव, मुदतीची तारीख आणि किती युनिट ते लिहून मागा, आणि पक्कं बिल घ्या. एका कंपनीचे ५० युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचे ५० युनिट नव्हेत, हेही ध्यानात ठेवा.

आता त्या ताईंचं काय झालं ते सांगतो. गटाने त्यांना पहिल्यांदा १,५०० रुपये दिले, तालुक्याला जाण्या-येण्यासाठी आणि तपासणीसाठी. सचिव सोबत गेल्या. ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढा पाहिल्या. झिजून सपाट झालेल्या. घरी विचारल्यावर घरधनी म्हणाले, "रात्रभर दात करकर वाजतात हिचे." दुसरी गोष्ट डॉक्टरांनी गोळ्यांची विचारली. मैत्रिणींनो, इथे कान द्या. साधी दुखण्याची गोळी महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांपेक्षा अधिक चाललं, तर ती गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की परत गोळी. किराणा दुकानातून आणलेल्या पाकिटाने हा फेरा सुरू होतो. वर पोट आणि मूत्रपिंड बिघडतात ते वेगळंच.

डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला लावल्या. पहिले दोन आठवडे फार जड गेले. गटातल्या दोघींनी पाळी लावून त्यांचं पाणी भरलं. दात झिजू नयेत म्हणून रात्री घालायची पट्टी करून दिली. तिला आणखी थोडं कर्ज लागलं, ते गटाने दिलं. जबड्याचे व्यायाम शिकवले. चार महिन्यांनी त्यांनी कॅलेंडर आणून दाखवलं. पहिल्या महिन्यात २४ दिवसांवर फुल्या होत्या, चौथ्या महिन्यात ९. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पुढे गरज वाटली तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवू, असं डॉक्टर म्हणालेत. तज्ज्ञांनी जुनाट अर्धशिशी आहे असं सांगून सुई सुचवली, तर कर्ज द्यायचं, असा ठराव गटाने वहीत लिहून ठेवला आहे. तेव्हा तो खर्च कशासाठी आणि किती वेळा, हे सगळ्यांना माहीत असेल.

आता घरी करता येण्यासारखं. हे फुकट आहे.

एक, ओठ मिटलेले पण दात सुटे. दिवसभर अधूनमधून स्वतःला विचारा, माझे दात आवळलेत का? डोक्यावर हंडा घेताना, शेगडीपुढे, मोबाईल बघताना आपण नकळत दात दाबतो. जीभ टाळूला हलकी टेकवा, दात आपोआप सुटतात.

दोन, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन्ही गालांवर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा.

तीन, दुखणं जोरात असेल तेव्हा भाकरी आमटीत कुस्करून खा. सुपारी, फुटाणे, कच्चं खोबरं काही दिवस बंद. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा.

चार, आपली तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, आणि सुपारी, गुटखा किंवा मशेरीची सवय असेल, तर लगेच दातांच्या डॉक्टरांकडे जा. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठर होते आणि ती कर्करोगाची पूर्वखूण असू शकते. तिला कुठल्याही सुईने ढिलं करण्याचा प्रयत्न करू नका.

पाच, कॅलेंडरवर खूण करा. दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल. दोन महिन्यांचं असं कॅलेंडर घेऊन गेलात, तर डॉक्टरांना अर्धं निदान तिथेच मिळतं.

काही दुखणी मात्र थांबत नाहीत. अचानक, आयुष्यात कधी झालं नाही इतकं भयंकर डोकं दुखणं. डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ होणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं. गरोदर किंवा बाळंतीण बाईचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. जबडा दुखतोय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप. बायकांमध्ये हृदयविकाराचं दुखणं जबड्यात येऊ शकतं. यांतलं काहीही असेल तर १०८. आणि पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखायला लागलं, चावताना जबडा थकतो, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

पैशाचंही सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, या पायऱ्या आधी चढा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खासगीत २०,००० मोजण्याआधी तिथलं मत घ्या.

शेवटी एक गोष्ट, जी डॉक्टरांच्या कागदावर येत नाही. आपल्याकडे म्हण आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दात आवळण्यामागे कधी कधी तोच मार असतो. मनातला राग, कर्जाचा घोर, न बोललेलं दुःख रात्री दातांवर निघतं. मनावर फार ओझं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि जबडा दुखण्याचं कारण कुणाच्या हाताची थप्पड असेल, तर ते दुखणं सुईने जाणार नाही. त्यासाठी १८१ क्रमांक आहे आणि तुमचा गट आहे. डॉक्टरांनी विचारलं, "लागलं कसं?" तर "पडले" म्हणू नका.

पुढच्या बैठकीत एक काम करा. बचत जमा झाली की प्रत्येकीला विचारा, गेल्या महिन्यात किती दिवस डोकं दुखलं आणि किती गोळ्या खाल्ल्या. आकडा वहीत लिहा, हप्त्याच्या शेजारी. १५ च्या वर ज्यांचा आकडा असेल, त्यांना एकटं पाठवू नका, एकीने सोबत जा. कुणाला मोठ्या उपचारासाठी कर्ज हवं असेल, तर तीन गोष्टी विचारा. निदान काय, गुण किती दिवस टिकतो आणि वर्षाचा खर्च किती? उत्तरं मिळाली की मोकळ्या मनाने निर्णय घ्या.

आज एवढंच. आता बोलणं संपलंय, तर बघा बरं, दात आवळलेत का? सोडा. नमस्कार.